कोलेस्टेरॉलची गोळी किती दिवसांत काम करते, आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ आल्यावर तिचे काय करावे

आपण लिहिले आहे की आपले वय ५२ आहे, चोपडा तालुक्यात शेती आहे, सहा वर्षांपासून मधुमेह आहे आणि तीन आठवड्यांपूर्वी आपल्याला ॲटोर्व्हास्टॅटिनची १० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. गोळीपूर्वी एलडीएल, म्हणजे रक्तातले ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १६२ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) होते. डॉक्टरांनी दोन महिन्यांनी तपासायला सांगितले होते, पण आपण आताच तपासले आणि ते १०८ आले. धुळ्याच्या मेहुण्यांचे एलडीएल महिनाभरात ६० वर आले, मग आपले का नाही, हा आपला पहिला प्रश्न. प्रयोगशाळेच्या कागदावर १३० च्या आतले नॉर्मल असे छापले आहे, तेव्हा आता गोळी बंद करता येईल का, हा दुसरा. पोटऱ्या दुखतात, हे आपण शेवटी एका ओळीत लिहिले आहे. त्या ओळीकडे मी मुद्दाम सविस्तर वळणार आहे.

‘औषध किती दिवसांत लागू पडते’ या एका वाक्यात खरे तर दोन प्रश्न आहेत. रक्तातला आकडा किती दिवसांत उतरतो, हा एक. आणि हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा धोका किती काळाने कमी होतो, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आठवड्यांत मिळते, दुसऱ्याचे वर्षांत. जळगावात माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी अनेकांची गल्लत इथेच होते. पहिले उत्तर हातात पडले की दुसरेही मिळाले असे वाटते आणि गोळी सुटते. गोळी कशासाठी दिली आहे, हे सुरुवातीलाच नीट सांगितले गेले तर असे क्वचित होते. म्हणून थोडे मुळापासून सांगतो.

शरीरातल्या कोलेस्टेरॉलचा मोठा भाग ताटातून येत नसतो. यकृत आणि इतर पेशी तो स्वतः तयार करतात. ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन यांसारखी स्टॅटिन गटातली औषधे या निर्मितीतल्या एका कळीच्या विकराला (एन्झाइमला) अडवतात. यकृताच्या पेशींना कोलेस्टेरॉल कमी पडू लागते आणि ती तूट भरून काढण्यासाठी त्या आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवतात. हे रिसेप्टर रक्तातले एलडीएल ओढून घेतात आणि रक्तातली पातळी खाली येते. या रिसेप्टरांचा उलगडा करणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते. वेळ लागण्याचे कारणही याच साखळीत आहे. पहिल्या गोळीनंतर काही तासांतच विकर अडवले जाते, पण रिसेप्टर वाढणे, रक्तातले कण उचलले जाणे आणि पातळी नव्या जागी स्थिरावणे याला दिवस लागतात. साधारणपणे पहिल्या आठवड्यातच उतार दिसू लागतो, दोन आठवड्यांत होणाऱ्या घटीचा बराचसा भाग होऊन जातो आणि चार ते सहा आठवड्यांत त्या मात्रेचा जवळजवळ पूर्ण परिणाम दिसतो. त्यापुढे तीच गोळी त्याच मात्रेत सहा महिने घेतली म्हणून आकडा आणखी उतरत राहत नाही. ‘अजून थोडे दिवस घेऊन बघू, उतरेल’ असे म्हणत अपुरी मात्रा वर्षभर चालू ठेवण्यात म्हणूनच अर्थ नसतो.

पहिली फेरतपासणी चार ते बारा आठवड्यांच्या दरम्यान करावी असे सांगतात, ते यासाठीच. मी स्वतः सहा ते आठ आठवडे थांबतो. तोवर आकडा स्थिर झालेला असतो आणि रुग्णाला गोळी सोसते की नाही, हेही कळलेले असते. आपली तपासणी तीन आठवड्यांनी झाली. ती वाया गेली असे मुळीच नाही, पण तिला शेवटचा शब्द मानू नये. आणखी थोडी घट होऊ शकेल. त्याचबरोबर हेही लक्षात ठेवावे की औषधात काहीही बदल न करता एकाच माणसाचे एलडीएल दोन वेगवेगळ्या दिवशी तपासले तरी त्यात ८-१० टक्क्यांचा फरक सहज पडतो. १०८ चे १०२ झाले म्हणून आनंद किंवा ११४ झाले म्हणून चिंता, दोन्हींना आधार नाही.

आता मेहुण्यांचा प्रश्न. कोणाचे एलडीएल कितीवर आले, यापेक्षा ते कितीवरून आले आणि कोणत्या मात्रेने आले, हे पाहावे लागते. स्टॅटिनचे काम टक्केवारीत मोजतात. ॲटोर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमने सरासरी ३५ ते ४० टक्के घट होते, ४० मिलिग्रॅमने किंवा रोसुव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमने ५० टक्क्यांच्या आसपास. आपले एलडीएल १६२ वरून १०८ झाले, म्हणजे ५४ ने किंवा ३३ टक्क्यांनी उतरले. तीन आठवड्यांत आणि एवढ्या मात्रेत हे योग्यच आहे. आपले शरीर औषधाला दाद देत नाही, असा अर्थ यातून निघत नाही. मेहुण्यांची सुरुवात १२० वरून झाली असेल आणि त्यांना मोठी मात्रा असेल तर ६० हा आकडा तितकाच स्वाभाविक आहे. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली असेल तर त्यांना पहिल्या दिवसापासून मोठी मात्रा दिलेली असणे अपेक्षितच आहे. त्यांची गोळी मागवून आपण घेऊ नये, एवढे मात्र आग्रहाने सांगतो.

प्रयोगशाळेच्या कागदावरचा ‘नॉर्मल’ हा सर्वांसाठी एकच छापलेला असतो. त्या कागदाला आपला मधुमेह माहीत नसतो, आपण तंबाखू खाता की नाही, वडिलांना कोणत्या वयात झटका आला होता, हेही माहीत नसते. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार सर्वसाधारण माणसाचे एलडीएल १०० च्या आत असावे, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या जास्त धोक्याच्या माणसाचे ७० च्या आत, आणि ज्यांना झटका, पक्षाघात किंवा रक्तवाहिनीचा तसाच आजार होऊन गेला आहे त्यांचे ५५ च्या आत. आपण दुसऱ्या गटात मोडता. म्हणजे १०८ हा आकडा चांगल्या दिशेने आहे, पण मुक्काम अजून दूर आहे.

हे अंतर कसे कापायचे, यातला हिशेब रुग्णाला माहीत असला तर पुढच्या भेटीत डॉक्टरांशी बोलणे सोपे जाते. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली की घट दुप्पट होत नाही. मूळ पातळीच्या साधारण सहा टक्के एवढीच जास्तीची घट मिळते. आपल्या बाबतीत मूळ पातळी १६२, म्हणजे दर दुपटीला सुमारे १० अंक. १० ची २० केली तर १०८ चे ९८, आणि २० ची ४० केली तर ८८ च्या आसपास. याउलट एझेटिमाइब नावाचे औषध आतड्यातून होणारे कोलेस्टेरॉलचे शोषण रोखते, म्हणजे त्याचा रस्ताच वेगळा आहे, आणि ते स्टॅटिनच्या जोडीला दिले तर उरलेल्या पातळीत आणखी सुमारे २० टक्के घट होते. तेही दोनेक आठवड्यांत आपला परिणाम दाखवते. ८८ मधून २० टक्के वजा केले की ७० येते. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांनी मात्रा वाढवून जोडीला दुसरी गोळी लिहिली तर ‘आजार वाढला’ असे समजू नये. हे गणित सरासरीचे आहे. आपल्या यकृताची आणि मूत्रपिंडाची स्थिती, इतर चालू औषधे आणि आपल्याला काय सोसते, यावर अंतिम निर्णय ठरेल आणि तो आपल्याला तपासणारे डॉक्टरच घेऊ शकतील.

गोळी बंद केली तर काय होते? विहिरीचा पंप चालू असेपर्यंत पाण्याची पातळी खाली राहते आणि पंप बंद केला की झऱ्यांनी ती पुन्हा पूर्वीच्या रेषेला येते; इथेही तसेच आहे. यकृताचा कारखाना स्टॅटिनने दुरुस्त होत नाही, फक्त अडवला जातो. गोळी सुटल्यावर काही आठवड्यांतच एलडीएल पुन्हा १६० च्या घरात जाईल. आजचा १०८ हा आकडा गोळी चालू असल्यामुळे आला आहे. तो गोळी बंद करण्याचे कारण होऊ शकत नाही. जन्मभर घ्यावी लागेल का, असे विचाराल तर बहुतेक मधुमेही रुग्णांच्या बाबतीत उत्तर ‘हो’ असेच आहे, आणि ते मी पहिल्याच भेटीत सांगतो. तीन महिन्यांचा कोर्स आहे असे समजून सुरू झालेली गोळी तीन महिन्यांनी सुटतेच.

आता दुसरा प्रश्न, रक्तवाहिनीचा. रक्तातला आकडा उतरतो त्या आठवड्यांत धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षे साचलेला थर तिथेच असतो. एलडीएल कमी राहिले की हळूहळू त्या थरातला मऊ, चरबीयुक्त गाभा आकसतो, त्यावरचे आवरण जाड आणि टिकाऊ होते, आणि तो अचानक फुटून रक्ताची गुठळी होण्याची शक्यता घटते. झटका येतो तो बहुधा थर फुटल्याने, म्हणून खरा फायदा या टिकाऊपणात आहे. ‘ब्लॉकेज विरघळले का’ असे रुग्ण विचारतात. रोसुव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅमसारख्या मोठ्या मात्रेने दोन वर्षे उपचार करून धमनीच्या आतून मोजमाप केले गेले, तेव्हा धमनीत थराने व्यापलेला वाटा जेमतेम एक टक्क्याच्या आसपास कमी झाला होता. विरघळण्याची वाट पाहणाऱ्याची निराशा होईल. थर वाढायचा थांबला आणि शांत झाला, हीच मोठी कमाई आहे.

ही कमाई किती काळाने दिसते, याचा पहिला भक्कम पुरावा १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातून आला. हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांपैकी निम्म्यांना सिम्वास्टॅटिन आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी देऊन त्यांच्यावर पाच वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवले गेले. सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांत एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी कमी होते. मात्र मृत्यूंच्या आलेखावर दोन्ही गटांच्या रेषा पहिल्या वर्षभरात जवळजवळ एकत्रच चालल्या आणि नंतर फाकत गेल्या. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित गणित असे सांगते की एलडीएल सुमारे ३९ अंकांनी कमी ठेवले तर झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना पहिल्या वर्षी थोड्या आणि पुढच्या प्रत्येक वर्षी साधारण एक चतुर्थांशाने कमी होतात. म्हणजे पहिल्या वर्षातच गोळी सोडणारा माणूस गोळ्यांचा खर्च तर करतो, पण लाभाची वर्षे येण्याआधीच उठून जातो. नुकताच झटका येऊन गेलेल्या रुग्णांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांच्यात मोठ्या मात्रेचा फायदा महिनाभरातही दिसू लागतो, म्हणून रुग्णालयात असतानाच ती सुरू करतात.

आपला आकडा अपेक्षेइतका उतरला नाही असे पुढे कधी वाटले तर मात्रा वाढवण्याआधी काही गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे गोळी खरोखर रोज पोटात जाते का. मी रुग्णाला स्ट्रिप घेऊन यायला सांगतो. महिन्याच्या गोळ्यांतल्या आठ-दहा शिल्लक दिसल्या की बरेचसे उत्तर तिथेच मिळते. लग्नसराईत किंवा पेरणीच्या घाईत गोळी राहून जाते, त्यात रागावण्यासारखे काही नाही, पण ते कळले पाहिजे. ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दिवसातून कोणत्याही ठरावीक वेळी चालतात, म्हणून ती सकाळी मधुमेहाच्या गोळीबरोबर ठेवली की विसर पडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे थायरॉइड. थायरॉइडचे काम मंदावले असेल तर एलडीएल वाढलेले राहते आणि स्टॅटिनमुळे स्नायूंना त्रास होण्याची शक्यताही वाढते. आपली टीएसएच तपासणी झाली नसेल तर ती करून घ्यावी.

आकडा फसवा असण्याचीही शक्यता असते. डेंग्यू, टायफॉइड किंवा कोणत्याही मोठ्या तापानंतर एलडीएल तात्पुरते खाली जाते, त्यामुळे आजारपणातून उठल्यावर काही आठवडे थांबून तपासावे. पुष्कळ प्रयोगशाळा एलडीएल थेट मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या दुसऱ्या प्रकारच्या चरबीचा पाचवा भाग वजा करून काढतात. ट्रायग्लिसराइड फार वाढले असेल तर ही वजाबाकी चुकते आणि एलडीएल प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते; ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर तो आकडा ग्राह्य धरूच नये. आखाजीला मांडे आणि आमरस झाल्यावर, शिवाय शुगर वाढलेली असताना केलेल्या तपासणीत मला हे वरचेवर दिसते. एरवी तपासणीसाठी उपाशी राहण्याची सक्ती आता नाही, पण ट्रायग्लिसराइड वाढलेले आले तर उपाशीपोटी पुन्हा करावी.

खाण्याबद्दल थोडक्यात, कारण आपण विचारलेले नाही, तरी घरचे विचारतीलच. पथ्याने एलडीएल साधारण १० ते १५ टक्के उतरते आणि तेही काही आठवड्यांतच. केळ्यात कोलेस्टेरॉल नसते, मधुमेहात मात्र केळी मोजून खावीत. हिवाळ्यातले भरीत वाईट नाही, त्यावर तरंगणारे तेल जास्त झाले की वजन आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही वाढतात. शेवभाजीतली शेव, फरसाण आणि बेकरीतले पदार्थ पामतेलात किंवा वनस्पती तुपात केलेले असतात तेव्हा त्यांनी एलडीएल थेट वाढते, म्हणून तिथे हात आवरावा. कळण्याची भाकरी, डाळी आणि पालेभाज्या यांचा उपयोगच होतो. पण १६२ वरून ७० पर्यंतचे अंतर नुसत्या पथ्याने कापले जाणार नाही.

आता पोटऱ्यांकडे येतो. स्टॅटिनमुळे स्नायू दुखतात, हे खरे आहे. तसे दुखणे बहुधा दोन्ही बाजूंना सारखे, मांड्या, कंबर किंवा पोटऱ्या अशा मोठ्या स्नायूंत असते, गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत किंवा थोड्या महिन्यांत सुरू होते आणि गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत जाते. मात्र जे जे दुखते ते गोळीने, असेही नसते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना कधी स्टॅटिनची, कधी औषध नसलेल्या गोळ्यांची आणि कधी रिकामी बाटली महिन्या-महिन्याने देण्यात आली. स्टॅटिनच्या महिन्यांत त्यांना जो त्रास झाला त्यातला सुमारे ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळ्यांच्या महिन्यांतही झाला. दुखणे खोटे नव्हते, पण बहुतांश दुखण्याचे कारण औषधात नव्हते.

आपल्या बाबतीत मला आणखी तीन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. या तीन आठवड्यांत कापसाची वेचणी किंवा तसले अंगमेहनतीचे काम चालू होते का? असेल तर पोटऱ्या त्यानेही दुखतात, आणि त्याच दिवसांत सीपीके (स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात वाढणारे विकर) तपासले तर तेही मेहनतीने वाढलेले येते. रात्री पायांत जळजळ, मुंग्या, चादरीचा स्पर्शही नकोसा होतो का? तसे असेल तर मधुमेहाने नसांवर झालेल्या परिणामाचा विचार करावा लागेल. आणि तिसरी, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: घरून शेतापर्यंत चालत जाताना ठरावीक अंतरावर पोटरी आवळल्यासारखी दुखते, थांबले की चार-पाच मिनिटांत उतरते आणि चालू लागल्यावर पुन्हा तेवढ्याच अंतरावर येते, असे होते का? असे असेल तर ते पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते. मधुमेह असलेल्या आणि विशेषतः बिडी ओढणाऱ्या किंवा तंबाखू खाणाऱ्या माणसात याची शक्यता बरीच असते. डॉक्टर पावलावरची नाडी तपासतील, हाताच्या आणि घोट्याच्या रक्तदाबाची तुलना करतील. हे निदान निघाले तर आपण ५५ च्या गटात जाल, आणि पोटरी दुखते म्हणून जी गोळी सोडावीशी वाटते तिचीच गरज सर्वांत जास्त ठरेल.

दुखणे सोसण्याजोगे असेल तर भेटीपर्यंत गोळी चालू ठेवावी. पण स्नायूंत भयंकर वेदना किंवा जिना चढता न येण्याइतका अशक्तपणा आला किंवा लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तर गोळी लगेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हे फार क्वचित होते, मात्र झाल्यास उशीर परवडत नाही. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक किंवा बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलच्या गोळ्या ॲटोर्व्हास्टॅटिनबरोबर घेतल्या तर स्नायूंच्या त्रासाची शक्यता वाढते. नायट्यासाठी मेडिकलवरून परस्पर गोळ्या आणण्याची पद्धत आपल्याकडे आहे, म्हणून हे वेगळे सांगितले.

तेव्हा आता गोळी चालू ठेवून आणखी चार-पाच आठवडे थांबावे आणि लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची ही तपासणी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत पुन्हा करावे. त्यासोबत थायरॉइडसाठी टीएसएच, यकृतासाठी एसजीपीटी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीए१सी करून, जुने-नवे दोन्ही रिपोर्ट आणि स्ट्रिप घेऊन डॉक्टरांकडे जावे. त्या भेटीत मात्रा बदलली तर पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी एक तपासणी लागेल. एलडीएल ७० च्या आत आले की मग वर्षातून एकदा पुरते. पोटरीचे दुखणे चालताना येऊन थांबल्यावर उतरणारे असेल तर मात्र हे चार-पाच आठवडे थांबू नये, याच आठवड्यात पाय दाखवून घ्यावेत.